लॉग सर्व्हरचा पत्ता बदलला आणि मी तोंडावर आपटलो

परभणीतून डिप्लोमा करून वाळूजच्या एका कंपनीत लागलो, त्याला वर्षही झालं नव्हतं. दोनशेच्या वर लिनक्स मशिनांचे लॉग, म्हणजे मशिनवर काय काय घडलं त्याच्या नोंदी, एकाच सर्व्हरवर यायचे. तो हलवायचा होता, म्हणजे त्याचा आयपी, नेटवर्कवरचा आकडी पत्ता, बदलणार. शनिवारी डीएनएसमधली (नावावरून आयपी सांगणारी वहीच ती) नोंद बदलली, डीएनएसला विचारणारी डिग कमांड मारून पाहिली, नवा पत्ता दिसला. जुना सर्व्हर बंद केला आणि गावाकडची एसटी धरली.

सोमवारी ऑडिटवाल्यांनी रविवारचे लॉग मागितले. नव्या सर्व्हरवर जेमतेम दहा-बारा मशिनांचे होते.

घोळ नीट समजून घ्या. डिग दरवेळी नव्यानं विचारतं. मशिनांवरून लॉग पाठवणारं आमचं आरसिसलॉग मात्र सुरू होताना एकदाच नावावरून आयपी काढून तोच धरून बसलं होतं. टीटीएल, म्हणजे डीएनएसचं उत्तर किती वेळ जपून ठेवायचं ती मुदत, कितीही कमी करा, त्याला सोयरसुतक नाही. वर आमच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, सर्व्हरच्या नावाआधी एकच @. एक @ म्हणजे यूडीपी, दोन @@ म्हणजे टीसीपी, नेटवर्कवरून डेटा पाठवायच्या दोन पद्धती. यूडीपीत पोच नसते. टँकरवाला सांगितलेल्या विहिरीत पाणी ओतून निघून जातो, खाली विहीर फुटलीय का ते वाकून बघत नाही, तसं. टीसीपीत निदान जोडणी तुटून ओरड झाली असती. जी दहा-बारा मशिनं पोचली, ती रविवारी पॅचिंगमुळे, म्हणजे अपडेट टाकल्यामुळे, रीबूट झालेली!

"नाव दिलंय ना कॉन्फिगमध्ये, मग कशाचं टेन्शन?" असं आमचे सीनियर दादा म्हणाले होते. माणूस सोन्यासारखा. पण टपरीवर मिळालेला सल्ला एका मशिनवर चालवून बघितल्याशिवाय दोनशेंवर लावू नका.

नोकरी गेली नाही, घाबरू नका. लॉग प्रत्येक मशिनच्या डिस्कवरही होते, जुने लॉग काढून टाकणाऱ्या लॉगरोटेटनं पुसायच्या आत उचलले. दोन रात्री गेल्या.

आता मी जुना सर्व्हर आठवडाभर चालूच ठेवतो, आलेलं नव्याकडे पुढं पाठवायला लावून. वीस-वीस मशिनांवर सेवा रीस्टार्ट करतो, प्रत्येकावरून लॉगर कमांडनं एक ओळ सोडतो आणि ती नव्या सर्व्हरवर डोळ्यांनी बघतो. होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे मशिनवरच्याच नाव-आयपीच्या यादीत, कुणी जुना आयपी लिहून ठेवलाय का, तेही तपासतो. मग जुन्यावर लॉग येतात त्या ५१४ पोर्टला टीसीपीडंप, म्हणजे येणारी पॅकेटं दाखवणारी कमांड, लावून बसायचं. गेल्या खेपेला सगळं शांत झाल्यावरही मिनिटाला एक पॅकेट येतच होतं. शोधलं तर स्टोअरमागच्या कपाटातला एक नेटवर्क स्विच निघाला. त्यात नाव नव्हतंच, थेट आयपी भरलेला होता.