बुवांच्या लग्नाची गोष्ट कागदाशी ताडून पाहायची असेल तर

आधी गोष्ट जशी सांगितली गेली तशी उतरवून काढा. आठवणीतून नको, कॅसेटवरून. कीर्तनकाराची लग्नकथा दर सप्ताहाला थोडी फुगते, आणि ज्यांनी ती वर्षानुवर्षं ऐकलेली असते त्यांच्या डोक्यात सगळ्या आवृत्त्यांचा काला झालेला असतो. प्रत्येक कॅसेटवर साल आणि गाव लिहा. तपासायची ती सगळ्यात जुनी कथा, रंगलेली नव्हे.

मी पंचवटीत राहतो. नोकरी शाळेच्या ऑफिसात क्लार्कची झाली आणि निवृत्तीनंतर आमच्या भागातल्या एका दिवंगत बुवांच्या स्मरणिकेचं काम गळ्यात पडलं. नाव सांगत नाही, घरची माणसं आहेत. बुवांची कथा अशी: बालविवाह रोखणाऱ्या शारदा कायद्याच्या धाकानं वडिलांनी लग्न उरकलं. नवरा तेरा वर्षांचा, नवरी आठची. भटजींनी 'सावधान' म्हणताच बुवा अंतरपाटाआडून पळाले ते थेट टाकळीच्या मठात. मामांनी बखोट धरून परत आणलं. लग्न लागलं आणि वरात काळारामापाशी मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहाच्या गर्दीत अडकली.

यातला 'सावधान'चा भाग आधी बाजूला काढा. समर्थ रामदास बोहल्यावरून पळाले, नाशिकला आले आणि टाकळीला बारा वर्षं तप केलं, ही कथा इथल्या प्रत्येक कीर्तनकाराच्या जिभेवर असते. बुवांचं स्वतःचं आयुष्य संतचरित्राच्या साच्यात इतकं बरोब्बर बसतं तिथे समासात खूण करायची, एवढंच. लगेच खोटं म्हणू नका. ज्या पोरानं लहानपणापासून ती कथा ऐकली तो खरंच पळालाही असेल. पण पळालेल्या नवरदेवाची नोंद कुठल्याच सरकारी दप्तरात होत नाही, तेव्हा तिथे वेळ घालवू नका.

धरायचं ते बुवांनी जाता जाता सांगितलेलं. शारदा कायदा १९२९ साली झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. त्यात लग्नाचं किमान वय मुलीचं १४, मुलाचं १८. त्याआधी पोराबाळांची लग्नं उरकून घ्यायची देशभर घाई झाली. काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला २ मार्च १९३० ला, रविवारी. म्हणजे बुवांच्या दोन्ही खुणा खऱ्या असतील तर लग्न मार्च १९३० मध्येच बसतं, पुढे-मागे नाही. भाविकांना हसवायला टाकलेल्या दोन वाक्यांतून एक महिना हाती लागला. मात्र सत्याग्रह पुढे काही वर्षं चालला, त्यामुळे नुसत्या त्या खुणेवर विसंबलात तर साल चुकेल. कायद्याची खूण जोडीला हवीच.

नंतरच्या एका कॅसेटवर बुवा म्हणतात, नवरा-नवरीनं आत जाऊन रामाचे पाय धरले. सत्याग्रहींना अडवायला देवळाचे दरवाजे लावून घेतले होते. तेव्हा मार्च १९३० चं लग्न आणि गाभाऱ्यातलं दर्शन एकाच दिवशी मांडायचं तर जरा अवघडच. जुन्या कॅसेटवर दर्शनाचं नावही नाही.

लग्नपत्रिका मिळाली तर तिच्यावर साल शकात असतं, आणि इथे भले भले फसतात. शकात सरसकट ७८ मिळवून मोकळं व्हायचं नाही. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. फाल्गुन शके १८५१ म्हणजे मार्च १९३०. तिथी आणि वार जुन्या पंचांगाशी जुळतात का पाहा. त्या वर्षी होळी मार्चच्या मध्यावर आणि पाडवा महिनाअखेरीस होता. गुरु-शुक्राचा अस्त, चातुर्मास, अधिक महिना हेही बघा, कारण त्यात मुहूर्त देत नाहीत. श्रावणात धो धो पावसात लग्न लागलं असं कुणी बुवा सांगू लागले तर कान टवकारा. तरी मुहूर्त नव्हता म्हणून लग्नच झालं नाही, असा निकाल देऊ नका. घाईच्या लग्नाला गोरज मुहूर्तही चालून जायचा. आपल्याकडे म्हातारी माणसं साल सांगत नाहीत, 'सिंहस्थाच्या आधी', 'सिंहस्थानंतर' असं सांगतात. १९५६, १९६८, १९८० ही सिंहस्थाची वर्षं हाताशी लिहून ठेवा, आणि सिंहस्थात लग्नं टाळायची रूढी आहे हेही ध्यानात असू द्या.

आता वय. हे माझं घरचं मैदान. शाळेचा दाखला मागू नका, जनरल रजिस्टर बघायला मागा. दाखला नंतर कधीही काढलेला असतो, रजिस्टरमध्ये नाव घातलं त्या दिवसाची शाई असते. जन्मतारीख १ जून दिसली की समजायचं, गुरुजींनी अंदाजे घातली आहे. शाळा जूनमध्ये भरायची, पोराला वय हवं, बापाला तारीख आठवत नाही, घाला १ जून. अशा तारखेवरून महिन्याचा हिशेब करणं व्यर्थ, वर्ष मात्र साधारण धरता येतं. आमच्या बुवांचं रजिस्टरमध्ये १ जून १९१७. म्हणजे मार्च १९३० मध्ये बारा पूर्ण, तेरावं चालू. समितीतल्या एका गृहस्थांनी लगेच 'बघा, बुवांनी वय वाढवून सांगितलं' म्हणून उडी मारली. अहो, जुनी माणसं चालू वर्षच मोजत. तेरा म्हणजे तेरावं. बुवा बरोबर होते.

जन्माची दुसरी नोंद गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात, तहसीलच्या रेकॉर्ड रूमला. कुणबी नोंदींच्या शोधानंतर ही वही आता सगळ्यांना ठाऊक झाली आहे. तिच्यात बरेचदा बाळाचं नाव नसतं, फक्त बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी. भावंडं जास्त असली की कुठली नोंद कुणाची हे अक्कल लावून ठरवावं लागतं. पान मोडीत असलं तर वाचणारा गाठा, अंदाजानं वाचू नका.

लग्नाची सरकारी नोंद शोधायला निघाला असाल तर थांबा. आपल्याकडे हिंदू लग्नांच्या नोंदणीचा कायदा १९५३ चा. १९३० सालच्या लग्नाची नोंद मागून कारकुनाला का छळायचं? १९५३ नंतरचं लग्न असलं तरी नोंद न करणारेच जास्त होते, आणि नोंद नाही म्हणून लग्न बेकायदा ठरत नाही. प्रवचनकार ख्रिस्ती असतील तर काम सोपं: १८७२ च्या कायद्यापासून पाळकाला नोंद ठेवावीच लागते, तेव्हा थेट चर्चचं रजिस्टर. वर्तमानपत्रांचंही तसंच. आधी पत्र कधी निघालं ते बघा. 'गावकरी' १९३८ चं, ते १९३० साठी काय कामाचं? जुन्या अंकांची चौकशी सार्वजनिक वाचनालयात करावी. १८४० सालची संस्था आहे, शहाण्यासारखं विचारलं तर लोक मदत करतात.

खरा ऐवज असतो तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत. गंगेवर, म्हणजे नाशकात गोदावरीवर, किंवा त्र्यंबकला गेलेलं कुटुंब आपल्या उपाध्यायांच्या वहीत नावं लिहून यायचं: बाप, भाऊ, मुलगे, पुष्कळदा बायकाही, आणि खाली येणाऱ्याची सही. आडनाव आणि मूळ गाव सांगितल्याशिवाय वही सापडत नाही, कारण उपाध्ये गावांप्रमाणे आणि जातींप्रमाणे वाटलेले आहेत. घरातला माणूस बरोबर न्या, दक्षिणा ठेवा, न विचारता मोबाइल बाहेर काढू नका. आम्ही बुवांच्या नातवाला नेलं. जाड लांबट वही, लाल कापडाचा बांधा, गुरुजींनी बोट फिरवत फिरवत पान काढलं. बुवांच्या आजोबांच्या श्राद्धाला आलेल्या वडिलांनी शके १८५३ मध्ये स्वतःच्या हातानं मुलाचं नाव लिहिलं होतं आणि त्यापुढे सुनेचं, सासरचं नाव. म्हणजे १९३१-३२ पर्यंत लग्न झालेलं होतं. इतका भक्कम पुरावा दुसरा कुठला मिळाला नाही.

जमीन असेल तर फेरफार बघा. नाशिक जिल्ह्यातले जुने सातबारे आणि फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले आहेत. बाप वारल्यावरची वारस नोंद, मग बुवा वारल्यावरची. दोन बायका असतील तर तिथे कळतं, कीर्तनात कळत नाही. १९५६ च्या वारसा कायद्याआधीच्या नोंदींत मुली सहसा दिसत नाहीत, तेव्हा नाव नाही म्हणजे मूल नव्हतं असं धरू नका.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात: बायकोचं माहेर. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक आठवा. नवरा कवी, कीर्तनकार, पुढे रेव्हरंड. पण त्या संसाराची गोष्ट आज महाराष्ट्र ओळखतो ती बायकोनं सांगितली तशी. आमच्या बुवांच्या सासुरवाडीची एक म्हातारी भाची भेटली. तिनं आत्याकडून ऐकलेलं असं: पळालेबिळाले काही नाही, नवरदेवाला ताप होता, मांडवातच झोपला, उठवून अक्षता टाकल्या. ही गोष्ट कुठल्या संतचरित्रात नाही, म्हणून मला ती जास्त खरी वाटते. पण ऐकीव ती ऐकीवच, तिलाही कागद नाही.

लिहिताना तिन्ही थर वेगळे ठेवा: कागदावर काय आहे, कुणी काय सांगितलं, आणि तुम्हाला काय वाटतं. नातू टाकळीचा प्रसंग गाळायला तयार नव्हता, आणि गाळायचं कारणही नव्हतं. छापलं ते असं: 'बुवांचा विवाह १९३० च्या सुमारास झाला. उपाध्यायांच्या वहीत शके १८५३ मध्ये पत्नीचं नाव आहे. बोहल्यावरून टाकळीला पळाल्याची हकीकत ते कीर्तनात सांगत. सासुरवाडीकडे वेगळी हकीकत सांगतात.' तापाचा उल्लेख घरच्यांनी नको म्हटला, तो गेला. गाभाऱ्यातलं दर्शन मी काढलं, त्यावर समितीत कुणी हूं की चूं केलं नाही.