जुन्या रॉक बँडची चित्रित मैफल घरी कशी पाहावी

रॉक बँडच्या जुन्या मैफलीचे चित्रीकरण घरी पाहण्याविषयी सहसा जो सल्ला मिळतो, तो मोठा पडदा आणि मोठा आवाज एवढ्यावर संपतो. परभणीतल्या आमच्या घरी गेली बारा-तेरा वर्षे मी अशा मैफली लावत आलो आहे, कधी चार माणसांसाठी बैठकीच्या खोलीत, तर कधी उन्हाळ्यात पंचवीस-तीस जणांसाठी गच्चीवर. या दोन्ही गोष्टी जमूनही संध्याकाळ वाया गेल्याचे मी पुष्कळदा पाहिले आहे. पडदा बत्तीस इंची असला तरी चालतो, पण ड्रमवर काठी पडलेली दिसणे आणि तिचा ठोका ऐकू येणे यांत अंतर पडले की चांगल्यातली चांगली मैफलही अर्ध्या तासात कंटाळवाणी होते, आणि का कंटाळा आला हे पाहणाऱ्याला सांगताही येत नाही.

आधी मैफल निवडावी. पाहुण्यांच्या कानांना रॉकची सवय नसेल तर मी १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी झालेली मैफल लावतो. ती एका बँडची नाही, पण तिची सुरुवात रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखा यांनी केली होती. वाद्ये जुळवून होताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि रविशंकरांना त्यांना हळूच चिमटा काढावा लागला, हे दृश्य आले की आमच्याकडे दर वेळी हशा पिकतो आणि खोलीतला परकेपणा निघून जातो. त्यानंतर क्वीन या बँडची नोव्हेंबर १९८१ मधील माँट्रियलची मैफल घ्यावी, कारण तिथला गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला होता एवढे सांगितले तरी माणसे सरसावून बसतात. पिंक फ्लॉइड या बँडने ऑक्टोबर १९७१ मध्ये इटलीतल्या पाँपेईच्या प्राचीन प्रेक्षागारात एकही श्रोता न बोलावता केलेले वादन सुंदर आहे, पण ते तिसऱ्या-चौथ्या बैठकीसाठी राखून ठेवावे. समोर टाळ्या वाजवणारे कोणीच नसल्यामुळे नवख्या माणसाला तिथे कुठे दाद द्यावी तेच समजत नाही.

चित्राचे काम पाच मिनिटांचे आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करणारी जी सोय असते, जिला कुणी ट्रूमोशन म्हणते, कुणी मोशनफ्लो, ती आधी बंद करावी. फिल्मवरचे चित्रीकरण सेकंदाला २४ चौकटींचे असते, त्यांच्या मध्ये टीव्ही स्वतःच्या मनाने चौकटी घालू लागला की रंगमंचावरचे कलाकार दैनंदिन मालिकेतल्या पात्रांसारखे दिसू लागतात. जुने चित्रीकरण चौकोनी असेल तर दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. पडदा भरावा म्हणून चित्र ताणून गिटारवादकाला जाडा करू नये.

खोली मात्र नीट पाहावी लागते. आपल्याकडच्या घरांत शहाबादी फरशी, गिलावा केलेल्या उघड्या भिंती आणि वर स्लॅब किंवा पत्रे असतात, आणि या तिन्हींना आवाज परत फेकण्याची वाईट खोड असते. खोलीच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवावी. तिच्यामागे झणझण ऐकू आली तर खाली सतरंज्या अंथराव्यात, स्पीकरच्या समोरच्या भिंतीला गाद्या टेकवाव्यात आणि घरात असतील तेवढ्या वाकळी उपयोगात आणाव्यात. आजीच्या हातच्या वाकळीने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या तारेने पडत नाही, हे मी पदरचे पैसे घालवून शिकलो आहे. सबवूफर, म्हणजे खर्जाचा वेगळा स्पीकर, कोपऱ्यात ठेवू नये, कारण तिथे खर्ज फुगतो आणि शेजारच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची ताटे बासगिटारच्या एका ठरावीक सुराला खडखडू लागतात. पत्र्याच्या खोलीत तर पत्राच वाजतो. अशा वेळी सबवूफर भिंतीपासून हातभर पुढे ओढावा आणि तरीही न भागल्यास बंद करावा. आपल्याकडे डॉल्बी हा शब्द मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींसाठी रूढ झाला आहे आणि त्यामुळे छातीत धडधडले म्हणजे आवाज चांगला, असा एक समज घट्ट बसला आहे. मैफलीत बासचा प्रत्येक स्वर वेगळा ओळखता आला पाहिजे, नुसता हादरा उपयोगाचा नाही.

आता ज्या टप्प्यावर मी स्वतः तीन-चार वर्षे अडखळत होतो त्याकडे येतो. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर भागवायचे असेल तर हा टप्पा सोडून दिला तरी चालेल, पण वेगळा ऍम्प्लिफायर किंवा साउंडबार जोडणार असाल तर हा टप्पा सावकाश वाचावा.

पहिला घोटाळा वाटांच्या, म्हणजे आवाजाच्या चॅनेलच्या, संख्येचा असतो. मैफलीच्या बहुतेक डिस्कवर आवाजाचे दोन प्रकार असतात: दोन वाटांचा स्टिरिओ आणि सहा वाटांचा, ज्याला फाइव्ह पॉइंट वन म्हणतात. सहा वाटांच्या मिश्रणात गायकाचा आवाज बहुधा मधल्या स्पीकरकडे पाठवलेला असतो आणि मागच्या दोन स्पीकरांत गर्दीचा कल्लोळ असतो. माझ्याकडे दोनच स्पीकर होते, म्हणून मी प्लेअरच्या मागच्या सहा भोकांपैकी पुढच्या दोन भोकांत वायरी खोचल्या आणि प्लेअरचे सेटिंग सहा वाटांवरच राहू दिले. त्या रात्री गायक गायबच झाला. तो तोंड उघडत होता, मान वेळावत होता, आणि ऐकू येत होती ती गिटार, ड्रम आणि लांब विहिरीतून यावा तसा त्याच्या आवाजाचा पडसाद. शेजारचे काका शेवटपर्यंत मन लावून बसले आणि उठताना म्हणाले, "वाद्यं छान वाजिवली की, पण त्या माणसाला गायला कधी देणार हायत?" यावर उपाय साधा आहे. स्पीकर दोन असतील तर डिस्कच्या मेनूतून स्टिरिओच निवडावा, आणि तो नसेल तर प्लेअरच्या किंवा टीव्हीच्या डिजिटल आवाजाच्या सेटिंगमध्ये पीसीएम किंवा स्टिरिओ डाउनमिक्स निवडावे, म्हणजे मधली वाट दोन्ही बाजूंना वाटली जाते. दोन स्पीकरांवरचा नीट लावलेला स्टिरिओ हा ओढूनताणून बसवलेल्या सहा स्पीकरांपेक्षा केव्हाही सरस असतो, आणि या बाबतीत मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे.

दुसरा घोटाळा अधिक फसवा आहे, कारण तो वेळेचा आहे. टीव्ही चित्रावर संस्कार करण्यात थोडा वेळ घेतो. आवाज त्याच्या पोटातून न जाता प्लेअरमधून थेट ऍम्प्लिफायरकडे गेला तर तो चित्राच्या आधी पोहोचतो. ब्लूटूथ स्पीकर लावला तर उलटे होते आणि आवाज मागे राहतो, अनेकदा दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद. यांपैकी आधी पोहोचणारा आवाज जास्त खटकतो. शेताच्या पलीकडे कोणी लाकूड फोडत असेल तर कुऱ्हाड आधी पडलेली दिसते आणि घाव नंतर ऐकू येतो, कारण आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटरच चालतो; त्यामुळे मागून येणारा आवाज आपल्या अंगवळणी पडलेला असतो, पण घावाचा आवाज आधी आणि कुऱ्हाड नंतर, असे निसर्गात कधी घडत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीतही हाच भेद आहे: आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला की फरक कळू लागतो, मागे पडला तर तो कळायला सुमारे १२५ मिलिसेकंद लागतात.

तपासताना गायकाच्या ओठांकडे पाहा, असे जो तो सांगतो. तो सल्ला बातम्यांसाठी ठीक आहे. रॉक गायकाचे अर्धे तोंड मायक्रोफोनमागे असते आणि उरलेले केसांमागे. पाहायचे ते ड्रमवादकाच्या डाव्या बाजूच्या लहान ड्रमवर, म्हणजे स्नेअरवर, पडणाऱ्या काठीकडे. पण तिथेही मी एकदा पुरता फसलो. लेड झेपेलिनच्या जुलै १९७३ मधल्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या तीन रात्रींवर आधारलेला, १९७६ मध्ये प्रदर्शित झालेला चित्रपट लावून मी रात्री बारापर्यंत ऍम्प्लिफायरचा डिले, म्हणजे आवाज मुद्दाम किती मिलिसेकंद उशिरा सोडायचा तो आकडा, कमी-जास्त करत बसलो होतो. एका दृश्यात काठी जुळे आणि पुढच्या दृश्यात निसटे. पुढे समजले की त्यात वेगवेगळ्या रात्रींचे तुकडे जोडलेले आहेत, आणि कमी पडलेली काही दृश्ये १९७४ मध्ये इंग्लंडमधल्या शेपरटन स्टुडिओत पुन्हा घेतली आहेत, ज्यासाठी बासवादक जॉन पॉल जोन्सला मधल्या काळात केस कापल्यामुळे टोप घालावा लागला होता. हात एका वेळचे आणि आवाज दुसऱ्या वेळचा असेल तर माझा ऍम्प्लिफायर काय करणार? तेव्हापासून मी एक नियम पाळतो. अंतर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखेच असेल तर दोष आपल्या जोडणीचा मानावा. दृश्यागणिक येत-जात असेल तर तो संकलनाचा आहे, त्याला हात लावू नये.

म्हणून तपासणीसाठी मैफल वापरूच नये. मोबाइलसमोर हातभर अंतरावर घरातल्या कोणाला तरी उभे करून दर दोन सेकंदांनी एक अशा वीस टाळ्या वाजवायला लावाव्यात, ते चित्रीकरण पेनड्राइव्हवर घ्यावे आणि मैफल ज्या यंत्रावरून, ज्या वायरीतून दाखवणार त्याच वाटेने ते लावावे. वाट बदलली की आकडा बदलतो. डिस्क प्लेअरवर जुळवलेला आकडा टीव्हीतल्या ऍपला लागू पडत नाही. मग ऍम्प्लिफायरच्या मेनूत ऑडिओ डिले, लिप सिंक किंवा ए-व्ही सिंक यांपैकी जे नाव असेल ते उघडावे. आधी डिले दोनशेवर न्यावा, म्हणजे आवाज उघडच मागे पडेल, आणि दहा-दहाने खाली येत जिथे टाळी जुळल्यासारखी वाटेल तो आकडा लिहून घ्यावा. नंतर शून्यापासून वर चढत पुन्हा जिथे जुळेल तो आकडा लिहावा. हे दोन आकडे एक कधीच येत नाहीत, त्यांच्या मधला धरावा. हे सगळे स्पीकरजवळ उकिडवे बसून न करता जिथे माणसे बसणार आहेत तिथे बसूनच करावे, कारण गच्चीवर दहा मीटर मागे बसलेल्या माणसाकडे आवाज सुमारे तीस मिलिसेकंद उशिरा पोहोचतो.

लक्षात ठेवायची अडचण एवढीच की डिले वाढवता येतो, पण आधीच उशीर झालेला आवाज ऍम्प्लिफायरला पुढे आणता येत नाही. ब्लूटूथवर याच कारणाने माझा विश्वास नाही. मैफलीसाठी वायरच वापरावी. लॅपटॉपवरून व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये फाइल लावणार असाल तर तिथे मात्र दोन्हीकडे सरकता येते: के (K) हे बटण दाबले की आवाज पन्नास मिलिसेकंद मागे जातो, जे (J) हे बटण दाबले की तितकाच पुढे येतो.

बाकीचे सोपे आहे. मे महिन्यात गच्चीवर पावणेआठच्या आधी प्रोजेक्टरचे चित्र धड दिसत नाही, आणि रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावण्यास कायद्याने बंदी आहे, त्यामुळे दोन तासांच्या आत संपणारी मैफल निवडावी. टीव्ही आणि ऍम्प्लिफायर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत. चहा आधी द्यावा, मध्ये नको.

पाहताना गाणी गाळून पुढे जाऊ नये. कीर्तनकार जसा पूर्वरंग रंगवल्याशिवाय आख्यानाला हात घालत नाही, तसा कसलेला बँडही गाण्यांचा क्रम लावतो, आणि चौथ्या-पाचव्या संथ गाण्याला कंटाळून जो पुढे पळतो त्याला शेवटच्या गाण्याचा जोर कळत नाही. कॅमेरा बहुतेक वेळ गायकावर असतो, म्हणून कान मुद्दाम दुसरीकडे द्यावा लागतो. भजनात बसलेला जाणता माणूस अभंग तोंडपाठ असल्यामुळे पखवाजाकडे कान लावतो, तसे इथे निदान एका गाण्यात फक्त बासगिटार ऐकावी. नव्या पाहुण्यांना मी हे एकदाच, सुरुवातीला सांगतो. चालू मैफलीत समजावून सांगणाऱ्या माणसाइतका ताप दुसरा नाही, आणि तो माणूस पुष्कळ वर्षे मीच होतो.

शेवटची सूचना ऍम्प्लिफायरविषयी आहे. माझ्या ऍम्प्लिफायरची वीज गेली की तो जुळवलेला डिले विसरून शून्यावर येतो, आणि इन्व्हर्टर घेण्याआधी हे आमच्याकडे ऐन रंगात आलेल्या गाण्यात तीनदा घडले आहे. अंधारात पाहुण्यांसमोर टाळ्यांचे चित्रीकरण पुन्हा लावण्याची वेळ येऊ नये म्हणून आकडा जवळ लिहून ठेवावा. माझ्या रिमोटच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर बॉलपेनने लिहिले आहे: डिस्क ११०, पेनड्राइव्ह ८०.