जुना चेनसॉ घरी उघडताय? या चुका टाळा

2019 च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. पाणी ओसरल्यावर आमच्या भागातल्या भंगारवाल्याकडे गाळात बरबटलेल्या मशिनींचा ढीग लागला. त्यातून मी एक छोटा कटर उचलला (चेनसॉला आमच्याकडे कटरच म्हणतात), 30-32 सीसीचा. महिनाभर रोज संध्याकाळी बसून तो उभा केला. नवा पिस्टन बसवला आणि पेट्रोलच्या दुसऱ्या टाकीतच तो पिस्टन खलास केला. तेव्हापासून गावाकडचे बंद पडलेले कटर लोक माझ्याकडे आणून टाकतात. त्यात मशीन आपणहून बिघडल्याची उदाहरणं कमी. बहुतेकांवर आधी कुणीतरी हात चालवलेला असतो.

पुरात किंवा पावसात भिजलेल्याची दोरी ओढू नका

'बघूया तरी लागतंय का' म्हणून दोरी ओढायची आणि आतला गाळ पिस्टनबरोबर सिलिंडरच्या भिंतीवर घासायचा, ही पहिली चूक. गाळ म्हणजे पॉलिश पेपरच. आधी प्लग, सायलेन्सर, कार्बोरेटर काढा, क्रँककेस (इंजिनाचा खालचा डबा) पेट्रोलनं धुऊन काढा. हे काम अंगणात, चूल-शेगडीपासून लांब. बऱ्याच कटरची क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते. तिच्यावर पांढरी भुकटी धरलेली दिसली तर तिथला भाग गंजून पोकळ झाला असू शकतो. बेअरिंगच्या घरापर्यंत हा गंज पोचला असेल तर मशीन पार्टसाठी ठेवा, बांधायच्या भानगडीत पडू नका.

लागत नाही म्हणून लगेच कार्बोरेटर उघडू नका

दिवाळीच्या तोंडावर येणारी तक्रार ठरलेली असते: 'मे महिन्यात चांगला चालत होता, आता दोरी ओढून हात गळाले.' चार-पाच महिने टाकीत पेट्रोल तसंच. आपल्याच उसापासून आणि धान्यापासून बनलेलं इथेनॉल आज पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत असतं. ते हवेतली ओल शोषतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतं, आणि पेट्रोलचा फिल्टरही तळाशीच पडलेला असतो. जुनी रबरी नळी आणि कार्बोरेटरचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) यात कडक होतात. उसाचा दर आपल्याला हवा आणि इथेनॉल कार्बोरेटरला नको, असं हे त्रांगडं आहे.

तरीही सुरुवात कार्बोरेटरपासून नको. प्लग काढा, बॉडीला टेकवून दोरी ओढा, ठिणगी बघा. हे करताना प्लगचं भोक तोंडासमोर नको आणि सांडलेलं पेट्रोल पुसलेलं असू द्या. ठिणगी नसेल तर स्टॉप स्विचची वायर कॉईलवरून (ठिणगीची वीज तिथे बनते) काढून पुन्हा बघा. निम्म्या वेळा ती वायरच कुठेतरी बॉडीला लागलेली असते. कॉईल आणि फ्लायव्हीलच्या लोहचुंबकात साधारण 0.3 मिमी फट हवी, जाडसर व्हिजिटिंग कार्ड मध्ये सरकवून स्क्रू आवळले की काम होतं. प्लगची फट 0.5 मिमी.

ठिणगी आहे, प्लग मात्र कोरडा? मग पेट्रोल पोचत नाही. फिल्टर, नळी, टाकीचा श्वास, म्हणजे हवा आत येण्याचं भोक (व्हेंट). हा श्वास फार जण विसरतात. मशीन पाच-दहा मिनिटं चालून मरतं आणि टाकीचं झाकण सैल केलं की पुन्हा चालतं, तर व्हेंट तुंबलाय. याच तक्रारीवर लोकांनी नवे कार्बोरेटर विकत घेतलेले मी पाहिलेत.

कार्बोरेटरचं किट (डायफ्रॅम-गॅस्केटचा संच) बदलायची वेळ आलीच तर उघडताना मोबाईलवर फोटो काढा. बहुतेक कार्बोरेटरमध्ये डायफ्रॅमच्या बाजूला आधी गॅस्केट, त्यावर डायफ्रॅम. पंपाच्या बाजूला बरोबर उलट, आधी पातळ पडदा आणि मग गॅस्केट. हे उलटसुलट झालं की नवं किट घालूनही मशीन लागत नाही आणि शिव्या मात्र किटला बसतात. पेट्रोलची सुई उचलणारी छोटी पत्ती 'सरळ दिसत नाही' म्हणून वाकवू नका. भोकांतून टाचणी किंवा तारही घालू नका. कार्बोरेटर क्लीनर आणि हवा पुरे.

स्क्रू फिरवून आजार झाकू नका

माझा पिस्टन इथेच गेला, म्हणून जरा सविस्तर.

कटर बांधून झाला, लागला. आयडलला (रेस न देता) मात्र आवाज वरखाली. रेस सोडल्यावरही चटकन खाली यायचा नाही. आडवा धरला की सूर बदलायचा. मी एल स्क्रू (कमी रेसचं पेट्रोल ठरवणारा) थोडा उघडला, आयडलचा स्क्रू थोडा सोडला. छान बसला. पडलेली सुबाभूळ कापायला घेतली. दुसऱ्या टाकीत आवाज एकदम पातळ, उंच झाला. मला वाटलं, वा, काय पळतोय! अर्ध्या मिनिटात थांबला. सायलेन्सर काढून आत टॉर्च मारली तर पिस्टनवर उभ्या रेघा.

फ्लायव्हीलच्या बाजूचं ऑईल सील (शाफ्टभोवतीची रबरी कडी) हवा घेत होतं. गाळानं शाफ्टवर गंज धरला होता, त्यावर मी जुनंच सील तसंच ठेवलं होतं. स्क्रूनं फक्त पेट्रोल कमीजास्त होतं. गळतीतून शिरणारी हवा स्क्रूच्या ताब्यात नसते. आयडलला मी पेट्रोल वाढवून तोल साधला, पण फुल रेसला आणि मशीन तापल्यावर तो तोल राहिला नाही. टूस्ट्रोकमध्ये ऑईल पेट्रोलबरोबरच येतं, म्हणून पेट्रोल कमी पडलं की ऑईलही कमी पडतं.

चांगल्या चालणाऱ्या कटरचं सेटिंग आपोआप बदलत नाही. बदलावं लागतंय असं वाटलं तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा आणि गळती शोधा. कार्बोरेटर आणि सिलिंडरमधलं रबर, इम्पल्सची नळी (क्रँककेसचा दाब कार्बोरेटरच्या पंपाला पोचवणारी), दोन्ही ऑईल सील, क्रँककेसचा सांधा.

त्यासाठी मी जुनं बीपी मोजायचं यंत्र वापरतो, घड्याळवालं. सायलेन्सरखाली आणि कार्बोरेटरच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून दोन्ही वाटा बंद करायच्या, प्लग घट्ट, आणि इम्पल्सच्या वाटेनं हवा भरायची. काटा 300 ला नेला की साधारण 0.4 बार होतात, तेवढं पुरतं. काटा उतरू लागला तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा जागा दाखवतो. एक मेख आहे: काही सील बाहेर जाणारी हवा अडवतं आणि आत येणारी सोडतं. म्हणून जुन्या मशिनीत सील पास झालं तरी मी बदलतोच. पिस्टनच्या मानानं ते किरकोळ आहे.

गळती नाही याची खात्री झाल्यावर ट्यूनिंग. एल आणि एच (फुल रेसचं पेट्रोल ठरवणारा) दोन्ही स्क्रू हलके टेकवा (आवळू नका, सुईचं टोक चेपतं), मग एकेक वेढा सोडा. मशीन गरम करून पुढचं. एच स्क्रू असा ठेवा की मोकळ्या फुल रेसला आवाज किंचित फाटका, भरल्यासारखा येईल आणि लाकडात घातल्यावर स्वच्छ होईल. मोकळाच चिरका पळत असेल तर तो मरायला निघालाय.

सिलिंडर, पिस्टन आणि उलटे आटे

पिस्टन चिकटला की सिलिंडरही गेला असं नसतं. भिंतीवर पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलेलं असतं, ते बारीक पॉलिश पेपरनं हळू निघतं. तिथे मोटारसायकलच्या बोअरसारखं होनिंग करू नका, आतला कडक मुलामा निघून जाईल. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. खाचेत पिन असते, रिंगची दोन्ही टोकं तिच्याशी जुळली नाहीत तर सिलिंडर खाली बसवताना रिंग तुटते.

क्लचला बहुतेक मशिनींत उलटे आटे असतात, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवला की सुटतो. छिन्नी-हातोड्यानं क्लचचे तुकडे केलेले कटर माझ्याकडे आलेत. क्रँक अडवायला प्लगच्या भोकातून जाड दोरी आत सोडा, पण पिस्टननं सायलेन्सरचं तोंड बंद केल्यावरच, नाहीतर दोरी तिथे कापली जाते.

श्टिल (Stihl) कंपनीच्या एमएस 170, 180 सारख्या छोट्या मशिनींत इंजिनाचा खालचा भाग गॅस्केटशिवाय, नुसत्या सीलंटवर बसतो. तिथे एम-सील किंवा दुकानातलं साधं सिलिकॉन चालत नाही, पेट्रोलनं ते सुटतं. पेट्रोल सोसणारंच मागून घ्या.

ऑईलचे गैरसमज

पेट्रोल-ऑईलचं 50:1 प्रमाण म्हणजे लिटरला 50 मिली ऑईल नव्हे, 20 मिली. चांगल्या टूटी ऑईलला एवढं पुरतं. 25:1 असेल तर 40. 'जास्त घातलं तर बरंच' हेही खोटं, कारण त्याच स्क्रूतून पेट्रोल तेवढं कमी जातं आणि सायलेन्सरची जाळी काजळीनं तुंबते. दम नाही म्हणून आणलेल्या कटरची जाळी आधी बघा.

चेनला गाडीतून काढलेलं काळं ऑईल घालायची आपल्याकडे पद्धतच आहे. त्यातला धातूचा कीस ऑईल पंपात आणि पट्टीच्या (जिच्यावरून चेन फिरते) खाचेत जातो. निदान कोरं ऑईल तरी घाला.

चेन

भुसा पिठासारखा पडतोय तर इंजिनाला दोष देऊ नका, कानस घ्या. छोट्या 3/8 लो प्रोफाईल चेनला (3/8 आणि .325 हे चेनचे इंचातले माप) 4 मिमीची कानस, .325 ला 4.8 ची. काप एका बाजूला ओढत असेल तर एका बाजूचे दात आखूड झालेत. दातापुढचा उंचवटा दाताच्या टोकापेक्षा 0.65 मिमी खाली हवा. तो फार घासला की चेन हिसके मारते, आणि पट्टीच्या टोकाचा हिसका थेट तोंडाकडे येतो.

म्हणून बांधलेला कटर गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी मी चेन ब्रेक बघतो. मशीन जमिनीवर दाबून धरायचं, रेस द्यायची आणि डाव्या मनगटानं पुढची दांडी ढकलायची. चेन तिथल्या तिथे थांबली पाहिजे. आयडलला चेन फिरत असेल तर आयडलचा स्क्रू बघा, तो ठीक असेल तर क्लचची स्प्रिंग ढिली पडली आहे. ब्रेकचा पट्टा झिजून गेला म्हणून काढूनच टाकलेली मशीनही येतात. 'त्याच्याशिवाय चालतंय की' म्हणतात. ती मी पट्टा मिळेपर्यंत परत देत नाही, मग कुणी कितीही तगादा लावो.