तिकीट उलटं लावलं की राजद्रोह? इंग्लंडचा जुना कायदा असा तपासा

राजाचं चित्र असलेलं टपाल तिकीट उलटं चिकटवणं म्हणजे राजद्रोह. पार्लमेंटात मरायला बंदी. पार्लमेंटात चिलखत घालून जायलाही बंदी. सामन मासा संशयास्पद परिस्थितीत घेणं गुन्हा. इंग्लंडचे हे चार ‘विचित्र कायदे’ फॉरवर्डमध्ये एका दमात सांगितले जातात. पहिले दोन थापा आहेत, पुढचे दोन खरे. चिलखताचा कायदा १३१३चा आणि आजही लागू. सामनचा कायदा १९८६चा, चोरट्या मासेमारीचा माल घेणाऱ्यांसाठी केलेला. त्यात विचित्र काही नाही, फक्त कलमाचा मथळा गमतीदार आहे.

तपासणीची सुरुवात नाव आणि सालापासून करा. दोन्ही नसतील तर दावा तिथेच बाजूला ठेवा. तिकिटाच्या थापेला बहुधा १८४८चा ट्रीझन फेलनी ॲक्ट (राजद्रोहाचाच एक कायदा) चिकटवलेला असतो. तो उघडून वाचा: राज्यकर्त्याला पदावरून हटवण्यासारखा गंभीर हेतू असेल तरच गुन्हा. घाईत उलटं लागलेलं तिकीट त्यात बसत नाही.

जुन्या कायद्यांवर साल सरळ लिहिलेलं नसतं. राजद्रोहाच्या मूळ कायद्याचा पत्ता ‘२५ एडवर्ड ३’ असा असतो, म्हणजे तिसऱ्या एडवर्डच्या राज्याचं पंचविसावं वर्ष. गादीवर बसल्याच्या सालात आकडा मिळवा आणि एक वजा करा: १३२७ + २५ – १ = १३५१. इथेच लोक चुकतात. राज्यवर्ष राज्यारोहणाच्या तारखेला बदलतं (एडवर्डचं २५ जानेवारीला), आणि इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी नवं साल २५ मार्चला लागायचं. हे पार्लमेंट आपल्या हिशेबाने जानेवारी १३५२ मध्ये भरलं; म्हणून काही पुस्तकांत १३५२ दिसतं. दोन्ही बरोबर.

मग ब्रिटिश सरकारच्या कायद्यांच्या संकेतस्थळावर मजकूर काढा, आणि ‘मूळ’ नव्हे तर ‘सुधारित’ प्रत वाचा. रद्द झालेल्या जागी नुसते ठिपके असतात, तळटिपेत कुठल्या कायद्याने रद्द केलं ते असतं. १३५१चा कायदा असा अर्धा ठिपक्यांचा आहे, पण जिवंत आहे. राजाच्या मृत्यूचा कट, राणीशी किंवा थोरल्या युवराजाच्या पत्नीशी व्यभिचार, राजाविरुद्ध युद्ध, शत्रूला साथ, ही कलमं अजून आहेत. नवऱ्याचा खून करणारी बायको आणि मालकाला मारणारा नोकर यांचा ‘छोटा राजद्रोह’ मात्र १८२८ मध्ये गेला.

मूळ मजकूर नॉर्मन फ्रेंचमध्ये, विरामचिन्हांचा भरवसा नाही. १९१६ मध्ये रॉजर केसमेंट या आयरिश क्रांतिकारकाचा सगळा बचाव ‘राज्यात किंवा अन्यत्र’ हे शब्द वाक्यात कशाला जोडायचे यावर उभा होता. आरोप शत्रूला साथ दिल्याचा होता, आणि त्याने जे केलं ते राज्याबाहेर, जर्मनीत केलं होतं. न्यायालयाने मानलं नाही, फाशी झाली.

शिक्षेबाबत दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: सुनावलेली आणि प्रत्यक्ष झालेली. पूर्ण शिक्षा अशी: काठ्यांच्या ताटीवर बांधून घोड्यामागे फरफटत नेणं, फास देऊन जिवंतपणीच खाली उतरवणं, आतडी काढून जाळणं, शिर तोडणं, धडाचे चार तुकडे. पार्लमेंट दारूने उडवण्याच्या कटातल्या गाय फॉक्सला १६०६ मध्ये हीच सुनावली, पण फासावरच मान मोडली आणि पुढचं जिवंतपणी भोगावं लागलं नाही. सरदारांना राजा बहुधा नुसत्या शिरच्छेदावर सोडायचा. बायकांना मात्र जाळत. खोटी नाणी पाडणं हाही राजद्रोहच, म्हणून १७८९ मध्ये कॅथरीन मर्फीला आधी फास देऊन मग जाळलं. त्याच गुन्ह्यात तिच्या नवऱ्याला नुसती फाशी. पुढच्याच वर्षी जाळणं बंद झालं. जिवंतपणीची चिरफाड १८१४ मध्ये, मेल्यानंतरचे तुकडे १८७० मध्ये, राजद्रोहासाठीची फाशी थेट १९९८ मध्ये गेली. ‘अमुक साली राजद्रोह्यांचे तुकडे केले’ असं वाचलंत की हा क्रम लावून बघा.

मराठीत लिहिताना एक खड्डा आहे. ट्रीझन आणि सेडिशन या दोन्हींना आपण ‘राजद्रोह’ म्हणतो. टिळकांवर १९०८ मध्ये चाललेला खटला भारतीय दंड संहितेच्या १२४-अ खालचा, म्हणजे सेडिशनचा; लेखांमुळे सरकारविषयी अप्रीती पसरली, हा आरोप. म्हणून शिक्षा सहा वर्षांची, मंडालेत. ट्रीझनच्या जवळचं कलम १२१, सरकारविरुद्ध युद्ध पुकारण्याचं, त्यात फाशीची तरतूद होती. भाषांतरात कलमाचा आकडा शेजारी लिहिलात तर गोंधळ होत नाही.