क्लिप ट्यूनर आणि त्याचा सेल : या चुका टाळा

"सर, ट्यूनर बिघडला." गिटारच्या क्लासमध्ये हे वाक्य ऐकलं की मी आधी झाकण उघडतो. (क्लिप ट्यूनर म्हणजे गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखं लावायचं, तार सुरात आहे का ते दाखवणारं छोटं यंत्र.) ट्यूनर बहुतेकदा धडधाकट असतो, आतला सेल चुकीचा असतो.

क्लिपच्या ट्यूनरला बहुधा सीआर 2032 लागतो. त्या आकड्यात मापच लिहिलेलं आहे: व्यास 20 मिलिमीटर, जाडी 3.2. दुकानात त्याच्याच शेजारी 2025 टांगलेला असतो. व्यास तोच, व्होल्ट तेच 3, जाडी मात्र 2.5. गणपतीतल्या एका कार्यक्रमात माझ्या विद्यार्थ्याने तोच घातला होता. घरी ट्यूनर चालला. स्टेजवर स्क्रीन स्वतःकडे वळवली की बंद, पुन्हा चालू केला की पहिली तार लागायच्या आत परत बंद. इकडे त्याचं नाव पुकारलं गेलं. मी झाकण काढलं तर सेल आत खुळखुळत होता आणि खाली चॉकलेटच्या चांदीची घडी! ती सरकली असती तर सेल शॉर्टच झाला असता. शेवटी तारा मी कानाने लावून दिल्या. असले जुगाड मला अजिबात मान्य नाहीत. मी जुना सेल खिशात घालून दुकानात जातो, नव्याशेजारी धरून जाडी बघतो, मगच पैसे देतो.

सुटा सेल किल्ल्या-नाण्यांत टाकू नका. घरात लहान मूल असेल तर जास्तच जपा: गिळलेला बटन सेल दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकतो, तेव्हा वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.

बॅगेत बटण दाबलं जाऊन सेल संपतो. माझा ट्यूनर चष्म्याच्या जुन्या घरात असतो.

दिवा हिरवा, तरी गिटार पेटीशी जुळत नाही? स्क्रीनवरचा आकडा वाचा; ट्यूनर 'ए' हा सूर किती हर्ट्झचा धरतो ते तो सांगतो, एरवी 440. घाईत नको ते बटण दाबून 440 चं 445 झालेलं असतं, आणि मुलं खुंट्या पिळत बसतात. जुनी पेटी 440 वर असेलच असंही नाही. तिचे सूर ऐनवेळी बदलता येत नाहीत, म्हणून ट्यूनर माइक मोडवर ठेवा, पेटीची पांढरी सहा (म्हणजेच 'ए') दाबून धरा, काटा मध्यावर येईपर्यंत आकडा बदला आणि मग गिटार लावा. एवढी दोन मिनिटं सुद्धा नवशिक्यांना जड जातात.

तंबोऱ्याला ट्यूनर षड्जापुरताच. त्याचा स्वयंभू गंधार, म्हणजे षड्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार, ट्यूनरच्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो, आणि तोच खरा.