वाइन चाखायला शिका, मराठवाड्याच्या जिभेने

बाटलीमागे 'ब्लॅककरंट, गूजबेरी, सीडर' असं काहीबाही छापलेलं असतं. यातलं लातूरच्या मंडईत काय मिळतं? तो मजकूर सध्या बाजूला ठेवा. वास ओळखू येतो तो आपल्या आठवणीत असेल तरच, म्हणून बाटली उघडण्याआधी ती आठवण पक्की करून घ्यायची.

सुरुवात मसाल्याच्या डब्यापासून. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या ॲन नोबल यांनी १९८४ साली वाइनच्या वासांचं एक चक्र, म्हणजे वासांच्या नावांची गोल मांडणी, तयार केलं. शिकवताना खरे पदार्थ साध्या वाइनमध्ये टाकून हुंगायला द्यायचे, ही त्यांची पद्धत घरी सहज जमते. स्वस्तातली पांढरी वाइन चार वाट्यांत थोडी थोडी ओता. एकीत पिकल्या पेरूची फोड, दुसरीत ढोबळी मिरचीचा तुकडा, तिसरीत ठेचलेले मिरे, चौथीत दोन लवंगा टाकून अर्धा तास झाकून ठेवा. मग डोळे मिटून कोणती वाटी कशाची ते ओळखा.

हा नुसता कल्पनेचा खेळ नाही. शिराझ या काळ्या द्राक्षाच्या वाइनमध्ये मिऱ्यासारखा वास येतो कारण रोटंडोन हे द्रव्य दोन्हींत असतं. लवंगेतलं युजेनॉल हे द्रव्य ओक झाडाच्या लाकडातही असतं, ते ओकच्या पिंपात मुरलेल्या वाइनमध्ये उतरतं. कॅबर्ने (काळं द्राक्ष) आणि सोव्हिन्यों ब्लाँ (पांढरं द्राक्ष) यांच्या वाइनमधली हिरव्या ढोबळी मिरचीची छटाही अशीच खरी. मात्र साधारण पाचातल्या एकाला रोटंडोन जाणवतच नाही. त्यामुळे शेजाऱ्याला मिरे लागले आणि तुम्हाला नाही, तर वाद घालू नका.

आता जीभ. साखर न घातलेला, खूप उकळलेला कोरा चहा तोंडात घोळवा. हिरड्या आणि गाल आवळून कोरडे पडतात, ते टॅनिन. लिंबूपाणी प्यायल्यावर तोंडाला पाणी सुटतं, ती आम्लता. वाइनमध्ये टॅनिन येतं मुख्यतः द्राक्षाच्या सालीतून आणि बीतून. जालन्याच्या कडवंचीची द्राक्षं प्रसिद्ध असली तरी ती खाण्याची. वाइनचं द्राक्ष लहान, जाड सालीचं आणि बियांचं असतं. बाजारात बी असलेली काळी द्राक्षं मिळाली तर एक बी चावून बघा, टॅनिन म्हणजे काय ते पुन्हा विचारणार नाही. शेवटी नाक चिमटीत धरून बडीशेप चावा. नुसतं गोडसर लागेल. नाक सोडताच बडीशेप 'येते'. आपण ज्याला चव म्हणतो, त्यातला मोठा वाटा नाकाचा.

तापमानाबद्दल मात्र थोडं हट्टीच राहा. 'रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यावी' हा सल्ला थंड देशांतल्या घरांचा आहे, परभणीच्या मे महिन्याचा नव्हे. रेड १५ ते १८ अंशांना हवी, म्हणून उन्हाळ्यात आधी फ्रिजमध्ये ठेवून गार करा. व्हाइट ८ ते १२ अंशांना. फार गार केली तर वास दबतो, म्हणून ओतण्याआधी थोडा वेळ बाहेर काढून ठेवा. आणि दुकानात उन्हाच्या कवडशात उभी असलेली बाटली घेऊच नका.

चाखण्याची चांगली वेळ सकाळी अकराच्या सुमाराची, जेवणाआधी. घरात फोडणी, उदबत्ती, अत्तर नको. ठेचा खाऊन बसलात तर टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही जास्तच झोंबतील. मधूनमधून तोंड साफ करायला पाणी आणि ज्वारीच्या भाकरीचा तुकडा पुरतो. थुंकायला एक भांडं ठेवा. थुंकणं यात असभ्य नाही, सगळे जाणकार थुंकतात.

तोंडाशी निमुळता, पातळ काचेचा ग्लास घ्या आणि ५० मिलीच ओता. ७५० मिलीच्या बाटलीत असे पंधरा ग्लास होतात, म्हणजे चार मित्रांत तीन-चार फेऱ्या. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग बघा. काचेवरून उतरणाऱ्या धारा बघून दर्जा ठरवू नका, त्या मुख्यतः अल्कोहोलच्या असतात. आधी न हलवता हुंगा, मग गोल फिरवून पुन्हा. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बूच बिघडलंय. व्हिनेगर किंवा नेलपॉलिशसारखा आला तर वाइनच बिघडली आहे. मग छोटा घोट, तोंडभर फिरवून, ओठांतून थोडी हवा आत ओढून. गोडी, आम्लता, टॅनिन, अल्कोहोलची ऊब, याच क्रमाने मनात तपासा.

मूल्यमापन म्हणजे 'आवडली का' एवढंच नाही. एखादी वाइन तुम्हाला आवडणार नाही आणि तरी उत्तम असेल. चार प्रश्न विचारा: समतोल आहे का, वास-चव ठळक आहे का, थरावर थर उलगडतात का, आणि थुंकल्यावर चव किती सेकंद टिकते? सेकंद खरंच मोजा आणि जे जाणवलं ते वहीत लिहून ठेवा.

थोडा हात बसला की तीन ग्लासांचा खेळ खेळा. दोनांत एकच वाइन, तिसऱ्यात वेगळी, बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. वेगळा ग्लास शोधायचा. बाटलीची किंमत माहीत नसली की मोठमोठे शब्द आपोआप कमी होतात, असा माझा अनुभव. उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी कालची वही न बघता पुन्हा चाखा.