सुरू फुलायच्या आधी करायची तयारी

सुरू म्हणजे किनाऱ्यावर बनांत लावलेले, हिरव्या काड्यांसारख्या पानांचे उंच झाड. त्याच्या आणि इतर झाडांच्या परागाचा त्रास टाळायची ही यादी किनारपट्टीवर राहणाऱ्यांसाठी आहे. माघ लागला की ज्यांना सकाळी शिंकांची माळ लागते, डोळे चुरचुरतात किंवा घरात कोणी दमेकरी आहे, त्यांनी ती जानेवारी सरायच्या आत उरकावी. फुलांच्या तारखा कॅलेंडरवर खुणावून ठेवण्यात अर्थ नाही. झाड फुलले म्हणजे पराग हवेत आला असे होत नाही. तो सुटतो हवेच्या मर्जीने, म्हणून तयारीही हवेच्याच वेळापत्रकाने करायची.

पहिले काम म्हणजे घराभोवती एक फेरी मारून कोणते झाड कुठल्या दिशेला आहे ते बघणे. सुरूचे बन कुठे, पोफळी (सुपारीची झाडे) कुठे, माड कुठे. सुरूचा सगळा कारभार वाऱ्यावर चालतो. त्याच्या हिरव्या काड्यांच्या टोकाला नरफुलांचे बारीक तपकिरी तुरे येतात, मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल आणि पुन्हा पावसाच्या शेवटी. सुपारीचा परागही बहुतांशी वाराच नेतो. माड बारमाही, एकामागून एक पोय (फुलोरा) काढत राहतो, आणि त्याच्याकडे वारा आणि मधमाश्या दोघेही कामाला असतात. आंबा मात्र उगाच बदनाम झाला आहे. मोहोराचा पराग चिकट, तो माश्या आणि किडे वाहतात आणि वाऱ्याने फार लांब जात नाही. काजूचेही तेच. मोहोराच्या दिवसांत बागेतून येताना घसा धरला तर आधी त्या दिवशी फवारणी होती का ते विचारा, आणि शेजारच्या शेतात भाजावळ (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा, म्हणजे राब, जाळून जमीन भाजणे) पेटली होती का तेही. राबाच्या धुराला पराग समजून गोळ्या खाणारे गावागणिक सापडतील. ऑक्टोबरात सातविणीच्या वासाने डोके उठते ते खरे, पण तिचाही पराग किड्यांच्याच भरवशावर असतो.

यानंतर दिवसाची घडी समजून घ्या, कारण बाकीची निम्मी तयारी तिच्यावर बेतलेली आहे. परागकोश वाळला की उकलतो. रात्रीच्या दवाने भिजलेला असेल तर मिटलेला राहतो. हे स्वतः बघायचे तर काळी छत्री उघडून उलटी धरा आणि सुरूची एखादी खालची फांदी तिच्यात हलकेच झटका. सकाळी सातला दवाच्या थेंबांशिवाय काही पडणार नाही. ऊन चढून काड्या कोरड्या झाल्यावर तीच फांदी झटकली की काळ्या कापडावर पिवळसर भुकटी उतरते, आणि फुंकर मारली की क्षणात नाहीशी होते. वशिष्ठी-जगबुडीच्या खोऱ्यांत धुके उशिरापर्यंत रेंगाळते, म्हणून चिपळूण-खेडकडे ही वेळ थोडी पुढे सरकते. उघड्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या माळावर, ती लवकर येते.

इथे एक फसगत होते. हर्णै, रत्नागिरी, अलिबाग इथल्या हवामान खात्याच्या नोंदींत सकाळी साडेआठची आर्द्रता भरपूर दिसते आणि माणूस म्हणतो, आज हवा दमट आहे, चला फिरायला. पुढची मोठी नोंद येते थेट संध्याकाळी साडेपाचला, तोवर समुद्रावरून खारा वारा सुटून हवा पुन्हा दमट झालेली असते. मधल्या तासांत पूर्वेची कोरडी मतलई (जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा) आणि ऊन मिळून आर्द्रता किती खाली आणतात, ते या दोन आकड्यांत कुठेच दिसत नाही. त्रास तिथेच दडलेला असतो. फिरणे, अंगण झाडणे, गवत काढणे ही कामे दव असताना उरका, नाहीतर संध्याकाळवर ढकला.

आता खिडक्या. सकाळी मतलई असते तोवर पूर्वेकडच्या बंद ठेवा, विशेषतः पोफळीची वाडी त्या बाजूला असेल तर. दुपारकडे वारा फिरतो आणि वायव्येकडून खारा सुटतो. सगळीकडचे लोक सांगतात की समुद्रावरची हवा स्वच्छ, तेव्हा खुशाल दारे उघडा. गुहागर, दिवेआगर, काशीद, नागाव अशा गावांत हा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये, कारण तिथे समुद्र आणि घर यांच्यामध्ये सुरूचे बन उभे आहे. समुद्रावरून आलेली स्वच्छ हवा बनातून गाळून येत नाही, उलट पराग घेऊन येते. शिवाय मतलईने सकाळी जे समुद्रावर नेलेले असते, त्यातले काही खाऱ्या वाऱ्याच्या पहिल्या झोताबरोबर परतते. म्हणून बनाच्या आडोशाला राहणाऱ्यांनी फुलोऱ्याच्या दिवसांत पश्चिमेच्या खिडक्यांना ओले, पातळ पडदे लावावेत आणि वारा फिरल्या-फिरल्या लगेच उघडू नयेत. दोरीवरचे कपडे त्याआधी आत घ्यावेत, उशांचे अभ्रे तर अंगणात वाळत घालूच नयेत.

एवढ्यावरून बन तोडायचा विचार मनात आणू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात सुरू आणि पोफळी आडव्या झाल्या, तेव्हा मागच्या घरांना आडोसा गेल्याचे दुःख काय असते ते लोकांनी बघितले आहे. नवे झाड घराला लागून लावायचेच असेल तर उंडी, सुरंगी, बकुळ लावा. यांचा पराग वाऱ्यावर उधळत नाही, आणि सुरंगीच्या गजऱ्याला चार पैसेही मिळतात.

मळभ असेल त्या दिवशी थोडी उसंत मिळते, परागकोश नीट वाळत नाहीत. अवकाळी सर आली तर हवाही धुऊन निघते. सावध राहायचे ते सरीनंतरच्या पहिल्या कडक उन्हात. अडून राहिलेला पराग तेव्हा एकदम सुटतो. मोठ्यांची ठरवलेली कामे आणि मुलांचे मैदान त्या दिवशी ऊन चढल्यावर टाळता आले तर टाळावे.

औषधांचे काम लक्षणे सुरू व्हायच्या आधीचे आहे. नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे लगेच गुण देत नाही, म्हणून तो फुलोऱ्याच्या एक-दोन आठवडे आधी सुरू करावा का, हे डॉक्टरांना जानेवारीतच विचारा. ॲलर्जीची कातडीवरची चाचणी करायची असेल तर शिंकांच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, हेही आधीच ठरवा. गोळीने झोप येत असेल तर ती घेऊन घाटात गाडी चालवू नये. दम्याच्या पंपाची मुदत आणि उरलेले डोस तपासा, मुलांसाठी स्पेसर (पंपाला जोडायची नळी) धुऊन ठेवा. नाक धुवायला मिठाचे पाणी वापरत असाल तर पाणी उकळून गार केलेलेच हवे, विहिरीचे थेट नको. वाऱ्याने उडणारा झाडांचा पराग साधारण २० ते ४० मायक्रोमीटरचा असतो, त्याला साधा तीन पदरी मास्कही पुरतो. झाडताना आणि बाईकवर तो लावा.

घरातली कामे थोडक्यात. पातेरा कोरडा झाडू नका, आधी पाण्याचा सडा मारा. ओटी आणि पडवी केरसुणीने नव्हे, ओल्या फडक्याने पुसा. बाहेरून आल्यावर तोंड, केस धुऊन मगच अंथरुणाला टेका. पंख्याची पाती फेब्रुवारीआधी एकदा पुसून घ्या.

शेवटी मे महिना. सुरूचा बहर ओसरलेला असतो, म्हणून पंप कपाटात टाकायची घाई होते. वळवाच्या गडगडाटी पावसात मात्र परागकण पाणी शोषून फुटतात आणि नाकात अडकावा एवढ्या मोठ्या कणाचे इतके बारीक तुकडे होतात की ते थेट छातीत उतरतात. २१ नोव्हेंबर २०१६ ला मेलबर्नमध्ये अशाच वादळानंतर हजारो लोकांना दम्याचे झटके आले आणि दहा जण दगावले. तो पराग गवताचा होता, झाडांचा नव्हे, आणि आपले गवत मे महिन्यात वाळलेले असते. तरी दमेकऱ्याने वीज कडाडू लागली की अंगणात गारवा घ्यायला न धावता दारे लावून आत बसावे, आणि पंप मृग बरसून हवा पुरती ओली होईपर्यंत खिशातच ठेवावा.